धापा टाकणाऱ्या पक्ष्याला नेमके काय द्यावे?

वाचकाचे पत्र: सप्रेम नमस्कार. सिन्नर तालुक्यात आमची चार हजार पक्ष्यांची ब्रॉयलरची शेड आहे. छत पत्र्याचे, दोन्ही बाजूंना जाळी, पाण्याची काळी टाकी शेडलगत लोखंडी मांडवावर. बॅच कंपनीच्या करारावर घेतो. मागच्या मे महिन्यात पक्षी ३६ दिवसांचे असताना लागोपाठच्या दोन दुपारी मिळून दीडशेच्या आसपास पक्षी गेले, आणि तेही चांगले वजनदार. यंदा औषध दुकानदाराने यादीच दिली आहे: इलेक्ट्रोलाइट, व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम, बीटेन, क्रोमियम, लिव्हर टॉनिक. माझे दीर म्हणतात, गुळाचे पाणी द्या, बाकी काही लागत नाही. शेजारच्या शेडवर पाण्यातून अ‍ॅस्पिरिन देतात. पैसे मोजकेच आहेत, तर यातले काय घ्यावे, आणि सगळे एकाच टाकीत मिसळले तर चालेल का? फॉगर, म्हणजे शेडमध्ये पाण्याचे बारीक तुषार सोडणारी यंत्रणा, आम्ही दिवसभर चालू ठेवत होतो, तरीही मर झाली.

उत्तर:

ताई, आधी उत्तर सांगतो आणि कारणे मागून देतो. तुमच्या यादीतील इलेक्ट्रोलाइट आणि व्हिटॅमिन सी या दोन वस्तू घ्या, पैसे उरले तर बीटेनचा विचार करा, आणि बाकीची यादी या हंगामापुरती दुकानदाराकडेच राहू द्या. सगळे एकाच टाकीत मिसळू नका. या दोन वस्तूंचाही उपयोग पक्षी भर दुपारी पोटभर पाणी पीत असेल तरच होतो, आणि तुमच्या पत्रातील काळी टाकी व दिवसभर चालणारा फॉगर पाहता मागच्या वर्षी औषधापेक्षा पाणी आणि हवा यांचीच अडचण अधिक असावी, असे मला वाटते.

कोंबडीला घाम येत नाही, कारण तिच्या त्वचेत घामाच्या ग्रंथीच नसतात. हवा थंड असते तोवर तुरा, चोचीखालची लोंबती लाल त्वचा, पाय आणि पंखांखालचा उघडा भाग यांतून शरीरातील उष्णता बाहेर जाते. शेडचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर चढू लागले की हा मार्ग अपुरा पडतो आणि पक्षी चोच उघडून धापा टाकू लागतो. श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ शरीरातील उष्णता घेऊन बाहेर पडते. कोंबडीच्या शरीराचे तापमान एरवीही ४१ ते ४२ अंश असते आणि ते ४६-४७ अंशांवर गेले की पक्षी वाचत नाही, म्हणजे तिच्या हाती मोकळीक असते ती जेमतेम चार-पाच अंशांची. जो पक्षी जास्त खातो आणि भराभर वाढतो, त्याच्या शरीरात उष्णताही जास्त तयार होते. म्हणूनच तुमचे वजनदार पक्षी आधी गेले, आणि करारावरच्या शेतकऱ्याला हाच फटका सर्वांत महाग पडतो, कारण त्या पक्ष्याने तोवर महिनाभराचे खाद्य खाल्लेले असते.

धापा टाकण्याची किंमत पक्ष्याला रक्तात मोजावी लागते. भराभर श्वास सोडताना कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्ताचा सामू वाढतो, म्हणजे रक्त अल्कधर्मी होते. हा तोल सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकू लागतात, आणि त्यासोबत पोटॅशियम व सोडियम हे क्षारही विष्ठेवाटे निघून जातात. पक्षी पाणी खूप पितो, पण क्षार कमी झाल्यामुळे ते पाणी शरीरात टिकत नाही, विष्ठा पातळ होते आणि शेडच्या जमिनीवर अंथरलेले तूस ओले होते. इलेक्ट्रोलाइटचे काम या ठिकाणी आहे. गेलेले क्षार भरून काढणे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे पक्ष्याला अधिक पाणी प्यायला लावणे. क्षारांमुळे तहान वाढते, अधिक पाणी पोटात जाते आणि ते पाणी शरीराबाहेर पडताना थोडी उष्णता सोबत नेते. पोटॅशियम क्लोराइड पाण्यातून दिल्याने पक्षी जास्त पाणी पितात आणि उष्णतेत अधिक तग धरतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

रक्त आधीच अल्कधर्मी झालेले असताना खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, का द्यायचा, असा प्रश्न कोणालाही पडेल आणि तो रास्त आहे. मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट बाहेर टाकलेलेच असते, शिवाय सोड्यातून सोडियम मिळते आणि मिठाने वाढते तसे त्यासोबत क्लोराइड वाढत नाही, म्हणून खाद्यात टनामागे दोन ते चार किलो सोडा घालण्याची पद्धत रूढ झाली. पण हे काम खाद्य बनवणाऱ्याचे आहे, कारण त्याला सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांचा परस्पर मेळ घालावा लागतो. तुमचे खाद्य कंपनीकडून येते. उन्हाळी खाद्यात सोडा आधीच असेल आणि तुम्ही पाण्यातून पुन्हा सोडा दिलात, तर सोडियम दुप्पट होईल. अमोनियम क्लोराइडही काही जण सुचवतात. ते रक्ताचा सामू खाली आणते हे खरे असले, तरी मात्रा थोडी चुकली तर रक्त उलट आम्लधर्मी होते, त्यामुळे घरगुती मिश्रणात ते वापरू नये. तयार पाकीट घ्यावे, त्यावर पोटॅशियम क्लोराइड हे नाव आणि त्याचे प्रमाण छापलेले आहे ना हे पाहावे, आणि पाकिटात बहुतांश साखर असेल तर ते परत करावे.

मात्रेच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. पाकिटावरचे प्रमाण बहुधा ‘एक लिटर पाण्यामागे इतके ग्रॅम’ असे असते. पाच आठवड्यांचे चार हजार पक्षी बेताच्या हवेत दिवसाला साधारण ९०० ते १,००० लिटर पाणी पितात आणि कडक उन्हात हा आकडा दुपटीवर जाऊ शकतो. म्हणजे लिटरमागचे प्रमाण तेच ठेवले तरी प्रत्येक पक्ष्याच्या पोटात औषध दुप्पट जाते. म्हणून इलेक्ट्रोलाइट दिवसरात्र देऊ नये. सकाळी दहा ते दुपारी चार-पाच एवढ्या वेळेतच द्यावे आणि रात्री साधे पाणी ठेवावे. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल तर आदल्या दिवसापासून सुरू करावे आणि लाट ओसरली की बंद करावे. पक्षी मान टाकू लागल्यावर पाकीट फोडण्यात फारसा अर्थ नसतो. आणखी एक तपासणी त्याआधी करून घ्या. तुमचे पाणी बोअरचे असेल तर ते मचूळ आहे का, त्यात एकूण क्षार किती आहेत, हे प्रयोगशाळेतून एकदा पाहून घ्या, कारण मुळात खारट असलेल्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट घातल्याने विष्ठा आणखी पातळ होते आणि ओल्या तुसातून उठणारा अमोनिया धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या श्वासात जातो.

आता व्हिटॅमिन सी. माणसाला ते बाहेरून घ्यावे लागते, कोंबडी मात्र ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते आणि थंडीच्या दिवसांत तिला ते देण्याची गरज नसते. उष्णतेच्या ताणात तिची गरज वाढते आणि शरीरातील निर्मिती त्या गरजेला पुरत नाही. अशा वेळी खाद्यात किलोमागे २०० ते २५० मिलिग्रॅम एवढे व्हिटॅमिन सी दिल्याने पक्ष्यांचे खाणे, वाढ आणि तग धरण्याची क्षमता सुधारल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे. पण हे औषध फार नाजूक आहे. ऊन, उष्णता, क्लोरीन, पाण्यातील लोह आणि तांबे, अल्कधर्मी पाणी या सगळ्यांनी ते झपाट्याने निकामी होते. तापलेल्या टाकीत सकाळी सहाला टाकलेल्या औषधातील किती दुपारी दोनपर्यंत शिल्लक राहत असेल, याचा विचार करा. सोडा असलेल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये ते मिसळले तर दोघांची प्रक्रिया होऊन पाणी फसफसते आणि पैसे फेसाबरोबर जातात. तुमच्या एकाच टाकीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

त्यामुळे क्रम असा ठेवा. पाण्यात क्लोरीन किंवा अन्य निर्जंतुक करणारे औषध टाकायचे असेल तर ते संध्याकाळी टाका. पहाटे पाइपमधील पाणी सोडून द्या, मग दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच ताज्या पाण्यात व्हिटॅमिन सी विरघळवा आणि ते सकाळी नऊपर्यंत संपू द्या. त्यानंतर टाकी धुऊन दहाच्या सुमारास इलेक्ट्रोलाइट सुरू करा. कंपनी खाद्यातून आवरण असलेले व्हिटॅमिन सी देत असेल तर ते अधिक टिकते, आणि मग तुम्हाला पाण्यातून देण्याची गरजच उरत नाही. सुपरवायझरला हे स्पष्ट विचारा. ज्या दिवशी पाण्यातून लस द्यायची असेल त्या दिवशी क्लोरीन आणि इतर सगळी औषधे बंद ठेवावीत आणि लस पहाटेच द्यावी.

बीटेन हा बीटसारख्या वनस्पतीत सापडणारा पदार्थ आहे. पेशीतील पाणी धरून ठेवायला तो मदत करतो, त्यामुळे आतड्याच्या पेशी उष्णतेतही बऱ्या राहतात आणि विष्ठेतून जाणारे पाणी कमी होते. खाद्यात टनामागे साधारण एक किलो एवढी त्याची मात्रा असते. त्याचा परिणाम काही तासांत दिसत नाही, तो बॅचभर द्यावा लागतो, म्हणून तो कंपनीच्या खाद्यातून आलेला बरा. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम यांचाही उष्णतेत उपयोग होतो, त्याबद्दल शंका नाही. पण ही दोन्ही द्रव्ये कंपनीच्या खाद्यातील मिश्रणात असतातच, आणि सेलेनियमची गरज किलोमागे मिलिग्रॅमच्या काही दशांशांएवढी असून जास्त झाल्यास ते विषारी ठरते. खाद्यात किती आहे हे माहीत नसताना त्यावर वरून बाटली ओतणे मला धोक्याचे वाटते. क्रोमियमने काही ठिकाणी फरक पडतो, पण तुमच्या मोजक्या पैशांत त्याचा नंबर लागत नाही. लिव्हर टॉनिकचा उष्णतेशी थेट संबंध नाही.

दिरांना सांगा, गुळात चूक काही नाही. त्यातून थोडी ऊर्जा आणि थोडे पोटॅशियम मिळते, आणि चवीमुळे पक्षी पाणी पितात. अडचण निप्पलच्या, म्हणजे पक्षी चोच लावून पाणी पितात त्या बारीक तोट्यांच्या, पाइपची आहे. गुळाचे पाणी पाइपमध्ये राहिले की आत चिकट बुळबुळीत थर धरतो, जंतू वाढतात आणि निप्पल तुंबतात. नेमक्या दुपारी एखाद्या ओळीला पाणी मिळाले नाही तर गुळाचा सगळा फायदा वाया जातो. द्यायचेच असेल तर उघड्या ड्रिंकरमधून, दोन तासांपुरते द्यावे आणि भांडी लगेच घासून ठेवावीत. इलेक्ट्रोलाइटची जागा मात्र गूळ घेऊ शकत नाही.

अ‍ॅस्पिरिनबद्दल मी अधिक ठाम आहे. तापात मेंदूच शरीराचे तापमान वर नेऊन ठेवतो आणि अ‍ॅस्पिरिन मेंदूचा तो आदेश मागे घ्यायला लावते. उन्हाने तापलेल्या पक्ष्याला ताप आलेला नसतो. त्याचा मेंदू तापमान खाली आणायचाच प्रयत्न करत असतो, उष्णता बाहेर पडायला वाट नसते एवढेच. या औषधावर प्रयोग झाले आहेत, काहींत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच दिसला नाही. पाणी कमी पडलेल्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो, आणि विक्रीजवळ आलेल्या पक्ष्याच्या मांसात औषधाचे अंश राहण्याचा प्रश्न वेगळाच. पशुवैद्यकाने लिहून दिल्याशिवाय ते देऊ नका, शेजारी देतात म्हणून तर नकोच.

आता ज्याला एक रुपयाही लागत नाही, त्या उपायाकडे येतो. खाल्लेले अन्न पचताना शरीरात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी दहाला पोटभर खाल्लेला पक्षी दुपारी दोनला आतूनही तापतो आणि बाहेरूनही. म्हणून सकाळी नऊच्या सुमारास खाद्याची भांडी दोरीने वर ओढून घ्यावीत आणि ऊन उतरल्यावर, पाचच्या पुढे, खाली सोडावीत. भांडी खाली आल्यावर पक्षी एकदम तुटून पडतात, तेव्हा सगळी भांडी एकाच वेळी सोडावीत, नाहीतर चेंगराचेंगरीत आणखी पक्षी जातात. गेलेले खाणे भरून काढण्यासाठी पहाटे दोन-तीनपासून दिवे लावून खाद्य द्यावे; गारव्यात पक्षी चांगले खातात. हे चौथ्या आठवड्यापासूनच्या पक्ष्यांसाठी आहे, लहान पिल्लांना उपाशी ठेवू नये. माझ्या मते तुमच्या यादीतील कोणत्याही बाटलीपेक्षा या एका सवयीने जास्त पक्षी वाचतील.

पाण्याचेही तसेच. मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीतील पाणी हाताला गरम लागते, आणि असे पाणी पक्षी कमी पितो, मग त्यात कितीही चांगले औषध असो. टाकीवर सावली करा, तिला ओले गोणपाट गुंडाळा, उघडा पाइप मातीखाली घ्या किंवा झाकून टाका. आपल्याकडे द्राक्षबागांतून निघालेले जुने शेडनेट सहज मिळते, त्याचा हा चांगला उपयोग आहे. दुपारी बारा आणि तीन वाजता पाइपमधील तापलेले पाणी शेवटच्या टोकाने सोडून द्या. पक्षी लगेच निप्पलकडे धावताना दिसतील. फार कडक दिवशी टाकीत बर्फाची लादी टाकलीत तरी चालेल. एकदा निप्पलखाली मोजपात्र धरून मिनिटाला किती पाणी येते ते पाहा. मोठ्या पक्ष्यांसाठी उन्हाळ्यात ते ६० मिलिलिटरपेक्षा कमी येत असेल तर दाब वाढवा किंवा फिल्टर साफ करा.

फॉगर दिवसभर चालू ठेवूनही मर का झाली, याचा अंदाज मला वेळेवरून येतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव या पट्ट्यात हवेत ओलावा फार कमी असतो. अशा हवेत पाण्याची वाफ लगेच होते आणि पंख्यासोबत चालवलेला फॉगर शेडचे तापमान काही अंशांनी उतरवतो. मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागते, आभाळ भरून येते, वळवाची एखादी सर पडून पुन्हा ऊन तापते, तेव्हा हवेतच ओलावा भरलेला असतो. त्यात फॉगर चालू राहिला तर तापमान फारसे उतरत नाही, ओलावा तेवढा वाढतो, आणि धापा टाकूनही श्वासातील ओलाव्याची वाफ होत नाही. पक्ष्याचा एकमेव उरलेला मार्गच आपण बंद करतो. इगतपुरीकडच्या दमट हवेतल्या शेडवाल्यांना हे अनुभवाने माहीत आहे, कोरड्या भागातल्यांच्या ते लक्षात येत नाही. शेडमध्ये पक्ष्यांच्या उंचीवर तापमापक आणि आर्द्रतामापक टांगा, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की फॉगर बंद करून फक्त पंखे चालवा, आणि एरवीही फॉगर काही मिनिटे चालवून थोडा थांबवत जा. पंखे नसतील तर औषधाच्या यादीचे पैसे आधी पंख्यांकडे वळवा. पत्र्याला चुना मारणे, वरून पाचट टाकून ते ओले ठेवणे हे तुम्ही करत असालच. उन्हाळ्याच्या बॅचला पक्ष्यामागे एक चौरस फुटाऐवजी सव्वा चौरस फूट जागा मिळावी म्हणून कंपनीकडे पिल्ले कमी मागा.

कंपनीच्या सुपरवायझरला आणखी एक प्रश्न विचारायचा आहे आणि तो पिल्ले येण्याआधीच विचारा. रक्ती हगवणीला, म्हणजे कॉक्सिडिओसिसला, आळा घालण्यासाठी खाद्यात औषधे घातलेली असतात, त्यांपैकी निकार्बाझिन या औषधाने उष्णतेतील मर वाढते, हे जुने आणि पक्के ज्ञान आहे. उन्हाळी बॅचच्या खाद्यात ते नाही ना, याची खात्री करून घेणे हा तुमचा हक्क आहे. त्याच बोलण्यात खाद्यातील सोडा, बीटेन आणि व्हिटॅमिन सी यांचीही माहिती घ्या आणि तुम्ही पाण्यातून काय देणार आहात तेही त्यांना सांगा, म्हणजे मात्रा दुहेरी होणार नाही आणि पुढे हिशेबाच्या वेळी वाद होणार नाही.

मर कोणत्या वेळी होते हे वहीत लिहून ठेवा. उष्णतेची मर दुपारी दोन ते संध्याकाळपर्यंत होते, पक्षी वजनदार असतात आणि ऊन उतरले की मर थांबते. पक्षी रात्री किंवा सकाळी मरत असतील, लहानमोठे सगळेच मरत असतील, नाकातून स्राव किंवा विष्ठेचा रंग बदललेला दिसत असेल, तर ते ऊन नाही, रोग आहे. तेव्हा इलेक्ट्रोलाइट देत बसू नका. नुकतेच मेलेले दोन-तीन पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत, बाहेरून बर्फ लावून, त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनासाठी न्या, आणि बाकीचे मेलेले पक्षी शेडपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.